साहेब सुप्याच्या पुढे आलेत

माणसानं कशासाठी प्रसिद्ध व्हावं हे त्याच्या हातात नसतं. मी नगरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. एवढी पुस्तकं वाचलीत तर गावात कुणीतरी आपल्याला व्यासंगी वगैरे म्हणेल, अशी तरुणपणी आशा होती. आज केडगावच्या चौकात उभा राहिलो की रिक्षावाले एकमेकांना हळूच सांगतात, "ते बघ, मयताचे सर." मध्यंतरी एका आजारी स्नेह्याला भेटायला दवाखान्यात गेलो, तर मला दारात बघून त्याच्या सुनेनं पदर डोळ्याला लावला आणि त्याची बायको घाबरून म्हणाली, "अगंबाई सर, तुमी एवढ्यातच कसं काय आलात?" मी खरोखर फक्त संत्री घेऊन गेलो होतो.

मी श्रद्धांजली सभांचा निवेदक आहे. हा व्यवसाय बाहेरच्या वाचकांना ठाऊक नसेल. आमच्या जिल्ह्यात माणूस गेला की त्याला थेट निरोप देत नाहीत. आधी त्याच्यावर भाषणं होतात. एकदा अंत्यविधीला, अमरधामात. दुसऱ्यांदा दशक्रियेला, घाटावर. गेलेला माणूस जितका मोठा तितके वक्ते जास्त, आणि तो मोठा नसेल तर निवडणूक जवळ आली आहे का यावर आकडा ठरतो. एवढ्या वक्त्यांना कुणीतरी नावानं पुकारावं लागतं. तो कुणीतरी म्हणजे मी.

काम वाटतं तितकं सोपं नाही. कुणाच्या आधी कुणाला बोलवायचं यावरून घाटावर बाचाबाची होऊ शकते. आजी पदाधिकारी माजीच्या आधी, पण माजी वयानं मोठा असेल आणि त्याच्याबरोबर चार गाड्या आल्या असतील, तर पुन्हा विचार करावा लागतो. 'माजी' हा शब्द असा उच्चारायचा, की ऐकू तर यावा पण लागू नये. एका भावकीतले दोन गट कधीही पाठोपाठ बोलवायचे नाहीत. मध्ये एखादे निवृत्त मुख्याध्यापक घालायचे. त्यांचं कुणी ऐकत नाही, तेवढ्या वेळात वातावरण निवळतं.

पण खरं कौशल्य लागतं ते वेळ काढायला. कारण साहेब उशिरा येतात. साहेबांचं नाव मी सांगत नाही. आमच्याकडे 'साहेब' म्हटलं की ज्याला त्याला आपापला साहेब दिसतो, त्यामुळे नावाची गरजही नाही. साहेब बहुतेक वेळा पुण्याहून यायचे. ते येईपर्यंत सरण रचून तयार, मयत उन्हात, नातेवाईक रडून थकलेले आणि लोक घड्याळं बघू लागलेले. अशा वेळी मी माईकवर सांगायचो, "साहेब सुप्याच्या पुढे आलेले आहेत. सर्वांनी शांतता राखावी." साहेब शिरूरला आहेत म्हटलं तर लोक घरी जातात. केडगावात आले म्हटलं तर माना वळवून रस्त्याकडे बघत बसतात आणि पाच मिनिटांत चिडतात. पुण्याच्या रस्त्यावरचं सुपा मात्र नेमक्या अंतरावर आहे. आशाही राहते आणि मधल्या वेळात तंबाखूही मळता येते. हे वाक्य मी इतक्यांदा उच्चारलं आहे, की सुप्याच्या ग्रामस्थांनी कधीतरी माझा नागरी सत्कार करायला हरकत नव्हती. साहेब तेव्हा कुठं असायचे, हे मला कधीच माहीत नसायचं.

या धंद्यात मला ओढलं इस्माईलभाईनं. इस्माईलभाईचं केडगावात मंडप आणि स्पीकरचं दुकान. लग्न, जयंती, प्रचारसभा, मयत, सगळीकडे त्याचेच कर्णे आणि त्याचाच ॲम्प्लिफायर. एका प्राध्यापकाच्या अंत्यविधीला लोक फार गडबड करत होते. मी सवयीनं, वाचनालयात म्हणतो तसं, "शांतता राखा" म्हणालो आणि खरंच सगळे गप्प झाले. इस्माईलभाई तारांच्या गुंताड्यातून उठला आणि माझ्या हातात माईक देऊन म्हणाला, "सर, गळा चांगला हाय. पुस्तकं कुठं ऐकत्यात? हितं बोला." आयुष्यभर लोकांना गप्प बसवणारा मी, त्या दिवसापासून त्यांना बोलायला लावू लागलो.

आमची जोडी जमली. आम्ही दोघांनी मिळून जे पाहिलं त्यातलं थोडं सांगतो.

तिरडी नेताना वाटेत एका जागी खाली टेकवतात, त्याला विसावा म्हणतात. तिथे खांदेकरी बदलतात. साहेब नेहमी विसाव्यानंतरच खांदा द्यायचे, कारण तिथून सरण दिसतं. एकदा एका गावात साहेबांनी खांदा दिला, दहा-पंधरा पावलं गेले, आणि फोटोवाला ओरडला, "साहेब, ऊन समोर आलं, फोटो काळा आला! पुन्हा एकदा!" कार्यकर्त्यांनी तिरडी धरली आणि चक्क मागं नेली, विसाव्यापर्यंत. गेलेल्या माणसाची म्हातारी आत्या काठी टेकत पुढं आली. "आरं मुडद्यांनो, गेलेलं मानूस माघारी आनत्यात व्हय? आनायचंच हुतं तर घरापतूर आना की! चहा पाजते त्याला!" साहेब गडबडीनं म्हणाले, "आजी, चुकलं." तेवढ्यात फोटो निघाला. तो दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरला: साहेब मृताच्या आत्याचं सांत्वन करताना.

दुसऱ्या एका अमरधामात शेड नव्हतं. माणसं उन्हात होरपळत होती. साहेबांना ते दिसलं आणि त्यांच्यातला कार्यक्षम लोकप्रतिनिधी जागा झाला. भरल्या आवाजात ते म्हणाले, "मी शब्द देतो, पुढच्या वेळी तुम्ही इथं याल, तेव्हा तुमची कसलीही गैरसोय होणार नाही." पहिल्या रांगेतले म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, घाई न्हाई. सावकाश बांधा."

साहेबांचंच सांगत बसलो तर मी फार शहाणा होतो असा समज होईल. एका दशक्रियेची गोष्ट आहे. आदल्या रात्री मी एक सत्कार समारंभ करून आलो होतो आणि सकाळी घाटावर उभा होतो. साहेब आले. मी माईक तोंडाशी धरला आणि घाटभर आवाज घुमला, "आदरणीय साहेबांचं आपण टाळ्यांच्या गजरात स्वागत करूया!" माझ्या आवाजात जरब आहे हे त्या दिवशी मला कळलं, कारण लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिंडाजवळ बसलेल्या मुलानंसुद्धा वाजवल्या. काठावर दोन कावळे उतरू पाहत होते, ते परत झाडावर गेले आणि मग तासभर खाली यायचं नाव घेईनात. नातेवाईक मृताच्या अपुऱ्या इच्छा शोधू लागले. "नातवाचं लगीन करू!" "शेताचा बांध सोडून देऊ!" असे नवस बोलले जात होते, आणि कावळ्यांनी फक्त माझ्या निवेदनाचा निषेध केला आहे हे सांगायचं धाडस मला झालं नाही. बांधाचं भांडण मात्र खरंच मिटलं म्हणे. तेवढंच माझं समाजकार्य.

आमचं एक गुपित होतं. वक्ता लांबला, की मी चष्मा काढून रुमालानं पुसायचो. ती इस्माईलभाईला खूण. मग आवाज जायचा. वक्ता "हॅलो, हॅलो" करायचा, माईकवर टिचकी मारायचा. इस्माईलभाई लगबगीनं उठून तारा हलवायचा, कर्ण्याकडे जायचा, परत यायचा, चेहरा असा की त्याच्याच घरातलं कुणी गेलं आहे. "वायर ढिली झाली साहेब. जुनी हाय." वक्ता थोडा वेळ बिनआवाजाचा बोलून बघायचा आणि खाली बसायचा. मग मी पुढचं नाव पुकारलं, की वायर आपोआप घट्ट व्हायची. गेलेल्या माणसाला किमान लवकर मोकळं करतो, म्हणून मला या खुणेचा छुपा अभिमान होता. साहेब तर लगाम सुटलेल्या घोड्यासारखे बोलत सुटायचे. त्यांच्यासाठी मी चष्मा इतक्यांदा पुसला आहे, की त्याच्या काचा झिजल्या.

वायरी खरंच जुन्या असाव्यात. कारण माझ्या प्रास्ताविकातही अधूनमधून आवाज जायचा, आणि तोही नेमका एखादं अलंकारिक वाक्य चढणीला लागलेलं असताना. जीवन, नदी, काठ, दिवा असं काही जुळत आलेलं असायचं आणि एकदम शांतता. समोर बसलेले साहेब अशा वेळी बहुधा मनगटावरचं घड्याळ बघत असायचे. मला वाटायचं, केवढा कामाचा माणूस. मी इस्माईलभाईला म्हणायचो, "अरे बाबा, नवीन वायर घे." तो म्हणायचा, "घेतो सर." वर्षानुवर्षं म्हणायचा.

एकदा एका अंत्यविधीला साहेब फारच उशिरा आले. मयत म्हातारीचं होतं, चैत्राचं ऊन होतं. मी सुप्याचं वाक्य तीनदा वापरून संपवलं होतं. सगळं आटोपल्यावर टेम्पोत कर्णे चढवताना इस्माईलभाई म्हणाला, "सर, आमच्यात भाषनं नसत्यात, ते बरंय. पर आजकाल कायबी सुरू हुतंय. माझ्या टायमाला कुनासाठी थांबू नगा. पोराला, सलीमलाबी सांगून ठेवलंय. आख्खी जिंदगी उन्हात बॉक्स लावन्यात गेली. त्या दिवशी तरी वेळेवर सावलीत जाऊ द्या."

"तू जाशील तेव्हा मी असेन का?" मी म्हणालो.

"तुमी असनारच. तुमचं दुकानच हाय ते."

आणि गेल्या उन्हाळ्यात इस्माईलभाई गेला. सकाळी दुकानात बसल्या बसल्या गेला.

मी पोचलो तेव्हा घरासमोर गर्दी होती. गावातले सगळे मंडपवाले गोळा झाले होते, पण मंडप कुणी घातला नव्हता. दुपारच्या नमाजनंतर दफन, असं ठरलं होतं. नमाज झाली. जनाजा उचलायची वेळ झाली. तेवढ्यात त्याचा मुलगा सलीम फोन कानाला लावून कोपऱ्यात गेला आणि पडलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे आला.

"सर, साहेबांच्या पीएचा फोन. साहेब येतायत. थांबा म्हनाले."

त्याची अडचण मला कळत होती. साहेबांच्या सगळ्या सभांचा मंडप आणि स्पीकर या दुकानाचा. निवडणुका तोंडावर. दुकान आता सलीमच्या एकट्याच्या गळ्यात. साहेब येतो म्हणत असताना बाप उचलला, तर पुढच्या सभेला दुसऱ्याचे कर्णे लागणार. आणि थांबला, तर बापानं सांगितलेलं एकच काम मोडणार. जमातीतले वडीलधारे विचारत होते, "बेटा, किती वेळ?" ऊन भिंतीवरून खाली उतरत जनाज्याच्या पायथ्याशी आलं होतं.

माझा फोन वाजला. तेच पीए.

"सर, तुम्ही आहात ना तिथं? मग काळजी नाही. पब्लिक जरा धरून ठेवा."

"कुठवर आलेत?" मी विचारलं.

"सुप्याच्या पुढे."

मी फोन बंद केला. एवढ्या वर्षांत ते वाक्य मी पहिल्यांदाच श्रोता म्हणून ऐकत होतो. बरं वाटलं नाही.

दारात इस्माईलभाईची बायको, शमीमभाभी, उभी होती. मागं बायका. ती मला म्हणाली, "सर, त्यांना ऊन सोसत नव्हतं हो. सांगत नव्हते कधी. घरी आल्यावर डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसायचे."

सलीम म्हणाला, "तुमीच सांगा सर. थांबायचं का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. आयुष्यात हजारो लोकांसमोर बोललेला मी, पण हातात माईक नव्हता. आवाज निघाला तो वाचनालयातला, बारीक.

"सलीम, साहेब सुप्याच्या पुढे नाहीत. सुप्याच्या पुढे कधीच कुणी नसतं. ते वाक्य माझं आहे. मीच बनवलंय."

त्यानं हातातल्या फोनकडे पाहिलं.

"अब्बांनी तुला काय सांगितलं होतं?"

"थांबू नको म्हनून."

"मग?"

त्यानं फोन खिशात टाकला आणि स्वतः पुढचा दांडा धरला. "उचला," म्हणाला.

जनाज्याला विसावा नसतो. लोक चालता चालताच खांदा बदलतात. पुढचा मागं सरकतो, मागचा पुढं येतो. कुणी कुणाचं नाव पुकारत नाही. मी दोन्ही बाजूंनी खांदा दिला. कुणीतरी मला ढकलून पुढं गेलं, मी कुणालातरी ढकललं. आजी-माजी कोण होतं, मला सांगता येणार नाही. कब्रस्तानात लिंबाच्या झाडाखाली जागा होती. माती दिली, दुआ झाली. मी तीन मुठी टाकल्या आणि सवयीनं पुढचं नाव आठवू लागलो. पुढचं नाव नव्हतं.

आम्ही फाटकाशी आलो तेव्हा साहेबांच्या गाड्या लागल्या. साहेब घाईनं उतरले, गर्दी बाहेर पडताना पाहून थबकले. सलीमनं माझा हात घट्ट धरला. साहेबांनी एक क्षण इकडंतिकडं पाहिलं. माईक शोधत होते, हे मला कळलं. मग माईक नाही म्हणून काय झालं, अशा निर्धारानं त्यांनी तिथंच फाटकात सुरुवात केली.

"बंधूंनो, इस्माईलभाई म्हणजे माझा उजवा हात..."

साहेबांचा उजवा हात मी यापूर्वी निदान डझनभर वेळा जळताना पाहिला आहे. पुढची सगळी वाक्यं मला पाठ होती. आणि इथं अडवायला तारांपाशी कुणी नव्हतं. ती जागा रिकामी आहे हे तेव्हा एकदम ध्यानात आलं. डोळ्यांपुढं काही दिसेना, म्हणून मी चष्मा काढला आणि रुमालानं पुसू लागलो.

साहेब वाक्याच्या मध्यावर थांबले.

अगदी तसेच. "हॅलो, हॅलो" तेवढं म्हणाले नाहीत. मग जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "कळलं सर. आटपतो."

मी चष्मा हातात धरून तसाच उभा. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून. इस्माईलभाईनंच सांगितलं. मी म्हणालो, चालू दे, माझीही सुटका होते. भाषण सुरू करता येतं, पण थांबवायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्यासाठी माझी खूण वेगळी होती. मी घड्याळ बघायचो."

साहेब आत गेले. कबरीपाशी वाकून माती दिली. सलीमला जवळ घेतलं, मंडपाचं काम कुठं जाणार नाही असं काहीतरी त्याच्या कानात म्हणाले. ते एवढ्यावरच थांबले असते तर मी त्यांच्याविषयी माझं मत बदललं असतं, पण निघताना त्यांनी वळून फोटोवाल्याकडे पाहिलंच. फोटोवाला तोवर पाणी प्यायला गेला होता.

गाड्या गेल्या. सलीम आणि मी फाटकाच्या भिंतीच्या सावलीत बसलो. जीवन, नदी, काठ, दिवा. कितीतरी चढणीला लागलेली वाक्यं आठवू लागली, आणि त्या प्रत्येकानंतरची शांतता. शेवटी राहवेना. मी विचारलं, "सलीम, खरं सांग. तुमच्या वायरी खरंच एवढ्या जुन्या होत्या?"

सलीमनं डोळे पुसले. दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर बापाचं हसू आलं.

"आमच्या? सर, अब्बा दर दिवाळीला सगळ्या नव्या घ्यायचे."